कोहिमा आणि इंफाळचा वेढा, १९४४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेढा नेमका कशाला पडला होता, कोहिमाला की इंफाळला?

दोन्ही ठिकाणांना, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. दिमापूर हे या वाटेवरचं रेल्वेचं शेवटचं मोठं ठाणं. तिथून डोंगरातून वर चढणारा एकच रस्ता कोहिमामार्गे इंफाळला जातो. मार्च १९४४च्या अखेरीस जपान्यांनी इंफाळच्या उत्तरेला हा रस्ता तोडला आणि इंफाळच्या सपाट खोऱ्यातली ब्रिटिश-भारतीय फौजेची चौथी कोअर, म्हणजे काही डिव्हिजनची मिळून बनलेली फौज, जमिनीवरून एकटी पडली. तो रस्ता २२ जूनलाच पुन्हा जोडला गेला. कोहिमाचा वेढा त्यामानाने अगदी छोटा, ५ ते २० एप्रिलचा. तिथे एका डोंगरधारेवर जेमतेम अडीच हजार माणसं कोंडली गेली होती. इंफाळचा वेढा म्हणजे विमानांच्या जोरावर तीन महिने टिकलेलं एक अख्खं खोरं.

दोन्ही लढाया एकाच योजनेचे भाग होते, त्यामुळे एक सोडून दुसरी नीट कळत नाही.

जपान्यांना काय हवं होतं?

इंफाळच्या मैदानातली कोठारं, विमानतळ आणि तिथून ब्रह्मदेशावर होऊ घातलेला प्रतिहल्ला मोडणं. योजनेचं नाव 'यू-गो' आणि तिचा सेनापती पंधराव्या सैन्याचा रेन्या मुतागुची. त्याच्याकडे तीन डिव्हिजन होत्या. ३३वी दक्षिणेकडून, ब्रह्मदेशातल्या तिद्दिमच्या रस्त्याने आली, १५वी मध्यभागातून आली आणि कोतोकू सातोची ३१वी उत्तरेला थेट कोहिमावर गेली. ३३वी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच हलली. उरलेल्या दोन डिव्हिजननी १५ मार्चच्या रात्री चिंदविन नदी ओलांडली.

मुतागुचीची नजर कोहिमाच्याही पुढे, दिमापूरवर होती. तिथलं कोठार मैलोगणती पसरलेलं होतं आणि चीनला माल नेणाऱ्या विमानांचे आसाममधले तळही याच रेल्वेवर जगत होते. सातोला पुढे ढकलायची त्याने तयारी केली, पण त्याचा वरिष्ठ कावाबे याने परवानगी नाकारली. पहिल्या आठवड्यात दिमापुरात लढाऊ फौज फारच थोडी होती, हे लक्षात घेतलं तर या नकाराची किंमत कळते.

हल्ला येणार हे माहीत होतं, मग इंफाळ अडकलं कसं?

ब्रिटिश-भारतीय चौदाव्या सैन्याचा सेनापती विल्यम स्लिम याची योजना माघारीचीच होती. पुढे पसरलेल्या डिव्हिजन इंफाळच्या मैदानात मागे घ्यायच्या, जपान्यांची रसद डोंगरातून लांबवर ताणायची आणि पावसाच्या तोंडावर त्यांना मोडायचं. विचार पक्का होता. चुकलं ते मोजमाप, आणि तेही दोन जागी.

एक म्हणजे वेळ. तिद्दिमच्या १७व्या भारतीय डिव्हिजनला माघारीचा हुकूम उशिरा मिळाला. तोवर तिच्या मागचा रस्ता तुटला होता. तिला सोडवायला २३व्या डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड, म्हणजे इंफाळची राखीव फौजच, दक्षिणेला पाठवावी लागली. दुसरी चूक आकड्याची. नागा टेकड्यांतून कोहिमापर्यंत जास्तीत जास्त एक रेजिमेंट, म्हणजे डिव्हिजनचा साधारण तिसरा भाग, येऊ शकेल असा अंदाज होता, आणि आली अख्खी डिव्हिजन. स्लिमने नंतर या दोन्ही चुका स्वतःच्या म्हणून मान्य केल्या.

यात मराठा पलटणी होत्या का?

होत्या. महाराष्ट्रात हा भाग फारसा सांगितला जात नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

२३व्या डिव्हिजनच्या ४९व्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या आणि सहाव्या अशा दोन बटालियन होत्या. ही ब्रिगेड तिद्दिमच्या रस्त्यावर गेली तेव्हा चौथी बटालियन मात्र इंफाळच्या ईशान्येच्या उखरूल भागातच ठेवली गेली आणि नव्याने आलेल्या ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली दिली गेली. तिच्या सोबत १५२वी भारतीय आणि १५३वी गुरखा पॅराशूट बटालियन होत्या, शिवाय नेपाळची काली बहादूर रेजिमेंट आणि डोंगरी तोफा.

या भागात पक्की मोर्चेबंदी नव्हती, कारण इथून मोठा हल्ला येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पुढची ठाणी मोडत गेल्यावर ब्रिगेड शांगशाक या तांगखुल नागा गावाच्या टेकडीवर गोळा झाली. जागा वाईट होती. माती वीतभर, खाली खडक. त्यामुळे खंदक उथळ राहिले. काटेरी तार नव्हती आणि टेकडीवर पाण्याचा झरा नव्हता. घेरा इतका लहान की विमानातून सोडलेलं बहुतेक सामान बाहेर, जपान्यांच्या बाजूला पडायचं. २२ ते २६ मार्च अशी पाच रात्री ही फौज जपानी ५८व्या रेजिमेंटचे हल्ले परतवत राहिली. मेलेली खेचरं आणि माणसं पुरायलाही जागा नव्हती. २६च्या रात्री फुटून निघण्याचा हुकूम आला आणि जखमींपैकी नेता येतील तेवढ्यांना घेऊन लोक जंगलातून इंफाळकडे उतरले.

शांगशाक पडलं, पण त्याने दोन गोष्टी दिल्या. ५८वी रेजिमेंट सातोच्या ३१व्या डिव्हिजनची, कोहिमाच्या वाटेवर होती. शांगशाक शेजारच्या १५व्या डिव्हिजनच्या हद्दीत येत असूनही या फौजेचा सेनापती मियाझाकी तिकडे वळला आणि त्याचा जवळपास आठवडा गेला, शिवाय माणसं गेली ती वेगळीच. दुसरी गोष्ट म्हणजे एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ सापडलेला नकाशा आणि हुकूम. कोहिमावर किती फौज कोणत्या वाटेने जाते आहे, ते त्यावर होतं. तो जपानी फळीतून लपतछपत इंफाळला पोचवला गेला. कोहिमाच्या लढाईचा हिशेब शांगशाकपासून मांडावा असं आम्हाला वाटतं, कारण तो आठवडा नसता तर कोहिमात अडवायला कुणी पोचलंच नसतं.

नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे हे व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठा शिपाई याच लढाईतले का, असंही विचारलं जातं. नाही. ते दोघे इटलीत लढले.

कोहिमात कोण होतं आणि जागा कशी होती?

कोहिमा साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहे. दिमापूरहून येणारा रस्ता एका लांब डोंगरधारेला वळसा घालून पुढे इंफाळकडे जातो, आणि लढाई झाली ती याच धारेवर. धार म्हणजे एकामागे एक टेकड्या. दक्षिणेला जीपीटी (जनरल पर्पज ट्रान्सपोर्ट, म्हणजे मालवाहतुकीची) रिज, मग जेल हिल, मग पुरवठा कोठारांच्या टेकड्या, मग गॅरिसन हिल आणि तिच्या उतारावर डेप्युटी कमिशनरचा बंगला. जपानी दक्षिणेकडून एकेक टेकडी घेत आले आणि बंगल्याच्या बाजूने वर चढले.

आत सुमारे अडीच हजार माणसं होती, त्यांतली हजारएक न लढणारी. सेनापती कर्नल ह्यू रिचर्ड्स. पहिली आसाम रेजिमेंट आधी कोहिमाच्या पूर्वेकडच्या जेसामी आणि खारासोम इथे लढून, थकून परत आलेली. आसाम रायफल्स होते, नेपाळची शेरे रेजिमेंट होती, कारकून, स्वयंपाकी आणि आजारातून उठलेले शिपाईही होते. १६१व्या भारतीय ब्रिगेडला आधी कोहिमात आणून परत दिमापूरला बोलावलं गेलं आणि पुन्हा उलट धाडलं. या घोळात ५ एप्रिलला फक्त चौथी रॉयल वेस्ट केंट बटालियन, सुमारे साडेचारशे माणसं, आणि एक डोंगरी तोफखाना आत शिरू शकला.

ब्रिगेडच्या बाकीच्या तुकड्या, पहिली पंजाबची पहिली आणि सातव्या राजपूतची चौथी बटालियन, तीनेक किलोमीटरवरच्या जोत्सोमाला थांबल्या आणि तिथे त्यांनाही घेराव पडला. पण याचा एक मोठा फायदा झाला. आतल्या तोफा उघड्यावर असल्याने डागताच टिपल्या जायच्या. त्यामुळे आतल्या तोफखान्याचे अधिकारी वायरलेसवरून जोत्सोमाच्या तोफांना निशाणा सांगू लागले. कधी कधी गोळे स्वतःच्या खंदकापासून काही यार्डांवर पडतील असे मागवावे लागत. ही सोय नसती तर धार पहिल्या आठवड्यातच गेली असती.

पाण्याचं काय झालं?

धारेला पाणी पुरवणारा मुख्य झरा जीपीटी रिजच्या बाजूला होता आणि ती रिज पहिल्या दोन दिवसांतच गेली. उरलं ते टाक्यांत आणि ताडपत्रीच्या हौदांत साठलेलं. माणशी दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास, त्यातच पिणं आणि चहा. दाढी आणि आंघोळ बंद. जखमींना जास्त लागतं, म्हणून लढणाऱ्यांचं आणखी कमी.

पुढे बंगल्यामागच्या रस्त्याजवळ एक बारीक झरा सापडला. तो जपानी खंदकांपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे रात्रीच, आवाज न करता भांडी भरून आणायची. विमानांनीही पाणी टाकलं. पण शेवटी घेरा सुमारे साडेतीनशे मीटर लांबीरुंदीचा उरला होता. वेगाने जाणाऱ्या डकोटा या मालवाहू विमानातून पॅराशूट क्षणभर उशिरा सुटलं तरी ते पलीकडच्या उतारावर जातं. १३ एप्रिलला असंच झालं. पाणी तर गेलंच, वर तीन इंची उखळी तोफांचे गोळे जपान्यांच्या हाती पडले. त्यांच्याकडे आधी जिंकलेल्या त्याच मापाच्या तोफा होत्या, त्यामुळे तेच गोळे परत धारेवर येऊ लागले. त्याच दिवशी मलमपट्टीच्या जागेवर गोळे पडून डॉक्टरही मेले.

टेनिस कोर्टवर खरंच लढाई झाली का?

झाली. बंगल्याच्या वरच्या टप्प्यावर कोर्ट होतं. एका कडेला कोहिमा राखणारे, दुसऱ्या कडेला जपानी, मध्ये कोर्टाची रुंदी. हातबॉम्ब फेकला की पलीकडच्या खंदकात. जपानी खंदकांवर ओंडके आणि मातीचे थर असल्याने वरून पडणाऱ्या गोळ्यांना ते दाद देत नव्हते. समोरून, जवळून, सरळ रेषेत गोळा मारणं हाच इलाज होता. म्हणून बुलडोझरने उतारावर वाट कापून १३ मे रोजी एक ली रणगाडा कोर्टवर उतरवला गेला आणि त्याच्या ७५ मिलिमीटर तोफेने काही मीटरवरून एकेक बंकर फोडला.

म्हणजे वेढा उठल्यावरही लढाई चालू होती?

बरेच दिवस. १८ एप्रिलला पंजाब बटालियन दिमापूरच्या बाजूने पोचली आणि २० तारखेला वेस्ट केंटची जागा नव्या बटालियनने घेतली. पण टेकड्या जपान्यांकडेच होत्या. दुसरी ब्रिटिश डिव्हिजन आणि सातव्या भारतीय डिव्हिजनची ३३वी ब्रिगेड यांना जीपीटी रिज, जेल हिल आणि नागा गाव घ्यायला मे महिना गेला. अखेर सातोने ३१ मेपासून वरिष्ठांच्या हुकमाविरुद्ध माघार सुरू केली. मियाझाकी हजारापेक्षाही कमी माणसं घेऊन इंफाळच्या रस्त्यावर वळणावळणाला आडवा येत राहिला. २२ जूनला मैलाच्या १०९व्या दगडाजवळ उत्तरेहून आलेली दुसरी डिव्हिजन आणि इंफाळहून आलेली पाचवी भारतीय डिव्हिजन भेटल्या.

इंफाळमध्ये तीन महिने लाखभर माणसं जगली कशी?

हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. खोऱ्यात सुमारे दीड लाख माणसं आणि ११ हजार जनावरं होती. मैदानात सहा धावपट्ट्या होत्या : इंफाळ मेन म्हणजे कोइरेंगेई, तुलिहाल, पालेल, कांगला, सापम आणि वांगजिंग. बारमाही चालणाऱ्या त्यांतल्या मोजक्याच, बाकीच्या पाऊस सुरू झाला की चिखलात जायच्या. म्हणून मे महिन्यापूर्वी जितकं उतरवता येईल तितकं उतरवणं महत्त्वाचं होतं.

पहिली पायरी कुमक. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर, आराकानात लढत असलेली पाचवी भारतीय डिव्हिजन १९ मार्चपासून दहाबारा दिवसांत माणसं, डोंगरी तोफा आणि खेचरांसकट विमानाने उत्तरेला आणली गेली. तिची १६१वी ब्रिगेड दिमापूरकडे, बाकी इंफाळला. लढाईतून उचलून थेट दुसऱ्या लढाईत डिव्हिजन टाकण्याचा हा पहिलाच मोठा प्रयोग. त्यासाठी हिमालयावरून चीनला जाणारी काही विमानं आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचा सरसेनापती माउंटबॅटन याने इकडे वळवली.

दुसरी पायरी तोंडं कमी करणं. मजूर, कारकून, रस्ते बांधणारे अशा सुमारे ४३ हजार न लढणाऱ्यांना आणि १३ हजार जखमी-आजाऱ्यांना परतीच्या रिकाम्या विमानांतून बाहेर काढलं. येताना माल, जाताना माणसं, एकही फेरी रिकामी नाही. तिसरी पायरी शिधा कमी करणं. एप्रिलच्या मध्यापासून जून अखेरपर्यंत 'स्टॅमिना' नावाच्या मोहिमेत सुमारे १९ हजार टन माल आणि १२ हजार माणसं आली. एका डकोटात साधारण अडीच-तीन टन मावतात, यावरून किती फेऱ्या लागल्या असतील याचा अंदाज करा.

हवेत जपानी विमानं फारशी उरली नव्हती, म्हणूनच हे जमलं. इंफाळवरूनच भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन विमानं घेऊन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढत होती.

नुंगशिगुम का महत्त्वाचं?

ती टेकडी मैदानाच्या अगदी कडेला, इंफाळ मेनच्या धावपट्टीवर डोळा ठेवून उभी आहे. ती जपान्यांच्या हाती राहिली असती तर विमानं उतरणं अवघड होतं. १३ एप्रिलला डोग्रा बटालियनसोबत थर्ड कॅराबिनिअर्स या ब्रिटिश रणगाडा रेजिमेंटचे ली रणगाडे तिच्यावर चढले. इतक्या चढावर रणगाडे येतील असं जपान्यांना वाटलंच नव्हतं. वरची धार एका रणगाड्याच्या रुंदीची. चालकाला समोरचं दिसेना, म्हणून कमांडरांना झाकणातून डोकं बाहेर काढून दिशा सांगावी लागली आणि तिथेच ते टिपले गेले. सगळे अधिकारी पडल्यावर स्क्वाड्रनच्या सार्जंट मेजरने सूत्रं हाती घेतली आणि टेकडी पडली.

जपानी सैन्य हरलं ते पावसामुळे का?

पाऊस शेवटचा धक्का होता, मूळ कारण नव्हतं. मुतागुचीने तीन आठवड्यांचा शिधा माणसांच्या पाठीवर आणि जनावरांवर देऊन फौज सोडली. पुढचं अन्न इंफाळच्या कोठारांतून मिळेल, हा सगळा हिशेब. मांसासाठी गुरांचे कळप सोबत हाकायची कल्पना होती. त्यांतली बरीचशी चिंदविनमध्ये आणि डोंगरवाटांवर गेली. कोठारं हाती आली नाहीत, आणि विसावा दिवस उलटल्यावर भाताच्या मुठीसाठी गावं धुंडाळावी लागली. तोफगोळेही रोज मोजून. मग मेच्या मध्यात पाऊस लागला, वाटा वाहून गेल्या, मलेरिया, आमांश आणि बेरीबेरीने माणसं चालता चालता बसू लागली. समोरच्या फौजेकडे मलेरियावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या आणि जखमीला विमानाने दवाखान्यात नेता येत होतं.

मुतागुचीने लढाई चालू असतानाच तिन्ही डिव्हिजनचे सेनापती काढले. सातोने लष्करी न्यायालय मागितलं, ते मिळालं नाही. त्याला मानसिकदृष्ट्या असमर्थ ठरवलं गेलं. माघारीचा हुकूम जुलैच्या सुरुवातीला निघाला, किमान महिनाभर उशिरा. सर्वाधिक माणसं त्या उशिरामुळे मेली असं आमचं मत आहे.

आझाद हिंद सेना यात कुठे होती?

तिच्या पहिल्या डिव्हिजनच्या रेजिमेंट जपान्यांसोबत होत्या. तामू-पालेल भागात गांधी आणि आझाद, तर आधी चिन टेकड्यांत आणि नंतर उखरूलकडे सुभाष रेजिमेंट. १४ एप्रिल १९४४ रोजी मोइरांगला शौकत मलिक यांनी तिरंगा फडकवला. तिथे आज संग्रहालय आहे. या सैनिकांकडे तोफा जवळपास नव्हत्या, औषधं आणि शिधा तर जपान्यांहूनही कमी. उपासमार आणि आजारात त्यांची मोठी हानी झाली. भारतीय माणसं दोन्ही बाजूंना होती, आणि दोन्हीकडच्या धैर्याची नोंद एकाच पानावर ठेवायला हवी.

स्थानिक लोकांची भूमिका काय?

नागा लोकांनी वाटा दाखवल्या, जखमींच्या डोल्या वाहिल्या आणि जपानी हालचालींची खबर आणली. त्याची किंमत त्यांनी घरं देऊन चुकवली. कोहिमाचं नागा गाव लढाईत उद्ध्वस्त झालं. इंफाळच्या खोऱ्यातल्या मैतेई गावांवरून लढाई महिनोन्‌महिने फिरत राहिली. जपानी सैनिकांनी नेलेला भात आणि जनावरं हा तिथल्या घरांचा वर्षाचा आधार होता.

किती माणसं गेली?

कोहिमात ब्रिटिश-भारतीय बाजूचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे चार हजार, इंफाळला सुमारे साडेबारा हजार. मोहिमेत उतरलेल्या सुमारे ८५ हजार जपान्यांपैकी ५० हजारांहून अधिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. मृतांचे आकडे पुस्तकागणिक बदलतात, साधारण ३० हजार धरले जातात.

याला निर्णायक वळण का म्हणतात?

तोवर ब्रह्मदेशात जपान पुढे आणि समोरचे मागे, असंच चाललं होतं. यानंतर पंधरावं सैन्य पुन्हा कधीच पूर्ण ताकदीने उभं राहिलं नाही, आणि त्यामुळेच १९४५मध्ये मंडाले, मेक्तिला आणि रंगूनची वाट मोकळी झाली. २०१३ मध्ये लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममधल्या मतदानात ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई म्हणून हिचीच निवड झाली.

आमचे पणजोबा या लढाईत होते असं घरात सांगतात. नोंद कशी शोधायची?

घरातल्या कागदांपासून सुरुवात करा. सैन्यातून सुटल्याचं पुस्तक, पेन्शनचा कागद, पदकं. सगळ्यांत मोलाचा असतो शिपाई क्रमांक, त्यानंतर बटालियन. पदकाच्या फितीला मधोमध रुंद तांबडा पट्टा आणि दोन्हीकडे गडद निळ्यात नारिंगी रेघ असेल तर तो बर्मा स्टार. त्याने माणूस त्या आघाडीवर होता एवढंच कळतं, इंफाळला होता की नाही ते बटालियनवरून ठरतं.

माणूस लढाईत गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. भारतीय सैनिकांच्या पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. शोध फसतो तो बहुधा इंग्रजी हिज्ज्यांमुळे. आडनाव बऱ्याचदा नसतंच, नुसतं 'गणपत' किंवा 'रामचंद्र' एवढंच असतं. गावाचं नाव ऐकून लिहिलेलं असतं, आणि रेजिमेंटच्या नावात 'मराठा' जुन्या पद्धतीने जादा 'ह' घालून लिहिलेलं असतं. म्हणून नावाऐवजी क्रमांकाने किंवा रेजिमेंट आणि मृत्यूच्या तारखेने शोधा. हिंदू आणि शीख सैनिकांची नावं कबरीवर नसून दहन स्मारकावर असतात. कोहिमाच्या अशा स्मारकावर ९१७ नावं आहेत. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही त्यांची नावं म्यानमारमधल्या तौक्क्यान इथल्या रंगून स्मारकावर पाहा. जिवंत परतलेल्यांसाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव केंद्राकडे शिपाई क्रमांकासह लेखी अर्ज करावा.

तिथे जाऊन काय पाहता येतं?

कोहिमाची युद्ध दफनभूमी गॅरिसन हिलवरच आहे. १,४२० कबरी आहेत आणि टेनिस कोर्टच्या रेषा जागेवर आखून ठेवल्या आहेत. दहन स्मारक सर्वांत वर आहे, तिथवर चढून जा. इंफाळला दोन दफनभूमी आहेत. भारतीय सैनिकांची वेगळी आहे आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले जमादार अब्दुल हफीज तिथे आहेत. रेड हिलजवळ जपानी स्मारक आणि शांतता संग्रहालय आहे.

नागालँड आणि मणिपूर दोन्हीकडे बाहेरच्या भारतीयांना इनर लाइन परमिट लागतो, तो आधीच ऑनलाइन काढा. दिमापूरपर्यंत रेल्वे आणि विमान आहे, पुढे कोहिमापर्यंत ७० किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत हॉर्नबिल महोत्सव असतो, तेव्हा खोल्या मिळणं कठीण. २०२३ पासून मणिपुरातली परिस्थिती बदलत राहिली आहे. कोहिमाहून इंफाळला रस्त्याने जायचं ठरवण्यापूर्वी दोन्हीकडच्या पोलिसांकडून रस्ता चालू आहे का ते विचारून घ्या. शांगशाक उखरूलच्या वाटेवर आहे, तिथे जाताना गावच्या लोकांना आधी कळवा आणि स्थानिक वाटाड्या घ्या.